चारचौघांत परत केलेला विडा

गफूरचाचा,

तुमच्यावर चार शब्द लिहून द्या, असं आपल्याकडच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी मला सांगितलं आहे. तुम्ही गेल्याला अजून आठवडासुद्धा झालेला नाही. मथळाही त्यांनीच ठरवून टाकला होता, 'एक राष्ट्रभक्त मुसलमान'. लेखात फक्त एक गोष्ट स्पष्ट यायला हवी, म्हणाले. गेल्या निवडणुकीत तुम्ही पाकिस्तान मागणाऱ्यांच्या विरुद्ध मत दिलं, ही. मी म्हटलं, मला ते ठाऊक नाही. ते हसले. "अहो गुरुजी, तुम्हाला नाही तर कोणाला ठाऊक असणार? तुम्ही तर त्यांच्या घरचे."

मी उठून आलो. हा मजकूर त्यांना द्यायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. पण लिहायला बसलो आहे, आणि समोर संपादक नाहीत, तुम्ही आहात. जळगाव जामोदच्या बाजारातल्या त्या अरुंद दुकानात मांडी घालून बसलेले, गुडघ्याशी ओल्या फडक्यातली पानं, आणि नजर पानांवर ठेवूनच बोलणारे.

आम्ही बारी. पानमळा लावणं हा आमचा पिढीजात धंदा, आणि ती पानं विकणं हा तुमचा. तुम्ही तांबोळी. माझ्या जन्माच्या आधीपासून तुम्ही आमच्या मळ्यावर येत होतात. कुंपणाशी वहाणा काढून, वाकून आत शिरायचात. वेल हिंदूचा आणि पाय मुसलमानाचा असा विचार तेव्हा कोणाच्या मनात येत नसे. तुमचं आणि माझ्या बाबांचं भांडण मात्र ठरलेलं असे.

"नारायना, ह्या पानावर तुह्या बैलानं पाय देल्ला वाटते."

"मंग नोको घेऊ. मी काय तुह्या पाया पडून राह्यलो का?"

"घेतो नं बावा. बकरीले तं घेतो."

आणि मग दोघंही वेलाखाली बसून चिलीम ओढत. मला ते भांडण इतकं आवडायचं की तुम्ही न भांडता पानं घेतलीत तर मला चुकल्यासारखं होई.

मी मॅट्रिक झालो तेव्हा बाबांचं मत साधं होतं. एवढं पुष्कळ झालं, आता मळ्यात ये. अमरावतीला कॉलेजात जायचं तर राहायचं कुठे, आमचं तिथे कोण? तुम्ही बाबांना समजावलं नाही. तुम्ही सरळ माझी वळकटी उचललीत आणि मला घेऊन निघालात. अमरावतीत ज्या व्यापाऱ्याकडे तुमची पानं जात, त्याच्या गोदामाच्या माळ्यावर तुम्ही मला ठेवून आलात. "हा आमचा पोट्टा हाये," एवढंच त्याला सांगितलंत. त्यानं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. त्या माळ्यावर ओल्या पानांच्या वासात मी चार वर्षं वाचन केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे वाक्य मी अभिमानानं लिहितो, पण ते लिहिताना मला नेहमी तुमच्या खांद्यावरची ती वळकटी दिसते.

निकाल लागला त्या दिवशी तुम्ही मळ्यावर आलात. "बीए म्हंजे काय होते बे आखरीले?"

"पदवी असते, चाचा."

"ते समजलं. पन आता तू पानं तोडशीन का पानं वाचशीन?"

मी शाळेत मास्तर झालो. आणि शिक्षणामुळे मला मत मिळालं. ज्यांच्याकडे जमीन नाही, घर नाही, पण ठराविक शिक्षण आहे, त्यांनाही प्रांताच्या निवडणुकीत मत होतं. तुम्हाला ते तुमच्या घरामुळे होतं. मतदारांच्या याद्या लागल्या तेव्हा आपण दोघं कचेरीत जाऊन आपापली नावं पाहून आलो. हिंदूंची यादी वेगळी, मुसलमानांची वेगळी. परत येताना तुम्ही म्हणालात, "तू पुस्तकं वाचून मत कमावलं, म्या घरपट्टी भरून. पन तुह्या उमेदवाराले मी पाडू शकत नाही, माह्या उमेदवाराले तू. मंग आपुन भांडाचं कायले?"

तेव्हा आपण हसलो होतो. पुढे आमच्या यादीतला उमेदवार बिनविरोध आला आणि माझं पहिलं मत न वापरताच राहिलं. सगळी लढत तुमच्या यादीत लागली. एका बाजूला पाकिस्तानवाल्यांचा उमेदवार, दुसऱ्या बाजूला वकीलसाहेब. ते स्वतः मुसलमान, पण देश एक राहावा म्हणणारे, आणि खादीवाल्यांचा त्यांना पाठिंबा. इथे नागपूरच्या कौन्सिलात कोण बसणार यासाठी मतं मागायची होती. पण गल्लीत बोललं जात होतं ते देश एक राहणार की दोन होणार यावर. आणि त्या प्रश्नाचं ओझं येऊन पडलं ते तुमच्यासारख्या थोड्या मतदारांवर.

त्यात तो विडा.

बाहेरगावच्या वाचकासाठी मला हे सांगायला हवं. आपल्याकडे पानसुपारी म्हणजे नुसता पाहुणचार नाही. सोयरीक ठरली, भांडण मिटलं, सौदा झाला, की चारचौघांत विडा खातात, आणि खाल्ला की शब्द दिला. निवडणुकीतही तीच रीत चालली. उमेदवार सभा घेई, शेवटी तबक फिरे, आणि विडा घेणारा त्या बाजूचा झाला असं धरलं जाई. आणि तांबोळ्याची एक वेगळी रीत असते. मोठ्या जेवणावळीत किंवा सभेत तबक बाहेर जाण्याआधी पहिला विडा तांबोळी स्वतः खातो. चुना जास्त झाला तर पाहुण्यांची तोंडं भाजतील, म्हणून. एरवी तो आत, स्वयंपाकघराच्या बाजूला बसून हे करतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

पाकिस्तानवाल्यांची सभा वरवट बकालला होती, तुमच्या जावयाच्या अंगणात. युसूफ हा तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कारकून, आणि त्या पक्षाचा तालुक्यातला खंदा कार्यकर्ता. जुबेदा, तुमची एकुलती एक लेक, त्याला दिलेली. सभेचे विडे तुमच्याकडूनच जाणार हे उघड होतं. तुम्ही ते काम घेतलंत. वकीलसाहेबांच्या सभेचंही घेतलं होतंत. "लग्न कोणाचंबी असो, हलवाई जिलबीच तळते," असं तुम्ही मला म्हणाला होतात.

पुढचं मी तुमच्याच तोंडून ऐकलं. अंगण लहान, माणसं फार. तुम्हाला आत जागा नव्हती, म्हणून तुम्ही उमेदवाराच्या बैठकीला लागूनच तबक घेऊन बसला होतात. भाषण संपलं. कोणीतरी म्हणालं, जे आपल्याबरोबर आहेत त्यांनी विडा उचलावा. सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. आणि तुम्ही, तबक आता बाहेर जायचं म्हणून, इतक्या वर्षांच्या सवयीनं पहिला विडा उचलून तोंडात टाकलात.

"लोकायनं नारा देल्ला," तुम्ही सांगत होतात. "मले समजेना काय झालं. मंग गळ्यात हार आला, तवा समजलं."

"मग तिथंच सांगायचं ना, चाचा!"

"काय सांगू? तोंडात पान होतं!"

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. पान तोंडात असताना बोलता येईना, आणि पाहुण्यांच्या बैठकीत ते थुंकणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. यजमान जावई. तुम्ही ते पान शांतपणे चावून गिळलंत, आणि तेवढ्या वेळात वरवट बकालमध्ये ठरून गेलं की सर्वांत आधी विडा उचलला तो जळगावच्या गफूर तांबोळ्यानं.

त्यानंतर आपला जो वाद सुरू झाला तो संपलाच नाही. रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी दुकानावर यायचो आणि आपण तिथेच येऊन अडकायचो.

मी म्हणायचो, "शब्द द्यायला मनात हेतू असावा लागतो, चाचा. तुम्ही चाखून पाहिलंत. याला वचन म्हणत नाहीत."

"अमरावतीची भाषा नोको बोलू. ह्या दुकानावर म्या किती सोयरिकी पाह्यल्या. दोन बापायनं पान खाल्लं का गोठ पक्की. म्या कोणाले इचारलं का, तुह्या मनात काय हाये? उद्या पोट्टीचा बाप म्हनन, म्या तं चाखून पाह्यलं होतं. मंग? पानात काय राह्यलं? पाला राह्यला."

"म्हणजे तुम्ही पाकिस्तानला मत देणार? एका विड्यापायी देश तोडणार?"

"माह्या दाढेखालच्या पानानं तुटते का बे देश? एवढा कच्चा हाये का तो?"

मला राग यायचा. तुमच्यावर नाही, तुमचं बोलणं खोडता येत नाही याचा. मी वर्तमानपत्रं आणून वाचून दाखवायचो. तुम्ही सुपारी कातरत ऐकायचात. एकदा तुम्ही विचारलंत, "ते पाकिस्तान होईन कोठी?" मी सांगितलं, पंजाब, सिंध, बंगालचा भाग, तिकडे. "अन जळगाव जामोद?" "ते इथंच." "मंग मी तठी जाऊन काय करू? अन तठी पान पिकते का?" मला वाटलं, झालं, चाचा वळले. पण तुम्ही पुढे म्हणालात, "म्या युसूफले हेच इचारलं. तो म्हनते, अब्बा, जाचं कोणालेच नाही. पन आपला एक मुलुख असला का इथंबी आपल्याले कोणी बोट लावनार नाही."

"आणि तुम्हाला हे पटतं?"

"आधं पटते," तुम्ही म्हणालात.

तुम्ही खोटं बोलला असतात तर मला बरं वाटलं असतं. पण तुम्ही माझ्याशी तसं कधी बोलत नव्हतात.

विड्याची बातमी मळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बारी मंडळी बसली. गफूर पाकिस्तानी झाला, त्याला पान घालायचं नाही, असं ठरलं. बाबा त्या बैठकीत होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्या आठवड्यात तुम्ही नेहमीसारखे आलात, कुंपणाशी वहाणा काढल्यात, आणि बाबा आतून म्हणाले, "यंदा खुडा कमी हाये, गफूर." वेल समोर हिरवेगार होते. तुम्ही वहाणा परत पायात घातल्यात. पुढचे काही बाजार तुम्ही लांबच्या गावांहून, टट्टूवर लादून, मिळतील ती पानं आणलीत. मळ्यावरून रिकामे परतलात त्या दिवशी दुकानात तुम्ही मला म्हणालात, "नारायनाच्या पानायले देशभक्ती लागली बे." मग फडकं पिळत खालच्या आवाजात म्हणालात, "युसूफचं आधं पटत होतं. आता पाऊन पटून राह्यलं."

हे वाक्य मी संपादकांना सांगू शकलो नाही. त्यांच्या मथळ्यात ते बसत नाही. पण ते तुम्ही बोललात, आणि तुम्हाला तसं बोलायला आमच्या मळ्यांनी लावलं, हे मी लिहून ठेवतो.

मतदान जवळ आलं तेव्हा एके सकाळी तुम्ही म्हणालात, "शाळेले सुट्टी हाये नं? चाल माह्यासंगं वरवटले." गाडीत तुम्ही एक पितळी तबक घेतलं होतं, त्यावर फडकं. मी विचारलं नाही. युसूफच्या दारात उतरल्यावर तुम्ही मला बजावलंत, "तू बाहीर राह्य. तुह्यामुळं केलं असं कोणी म्हनाले नोको." मी गाडीपाशी थांबलो. दार उघडं होतं आणि अंगण मला दिसत होतं. पक्षाची मंडळी जमलेली होती, बहुतेक त्या सभेचीच. तुम्ही मुद्दाम तो दिवस पाहून आला होतात.

तुम्ही फडकं काढलंत. तबकात नवा विडा आणि अख्खी सुपारी होती. सोयरीक मोडायची झाली तर मुलीकडचे असंच तबक परत नेऊन ठेवतात. मतासाठी कोणी असं केल्याचं मी ऐकलं नव्हतं. तुम्ही ते दोन्ही हातांनी युसूफच्या पुढ्यात ठेवलंत.

"त्या दिशी म्या खाल्लं ते माह्या धंद्याचं होतं. तुमी त्याले जबान समजले. तुमची चूक नाही, मी बोललो नाही. आज बोलतो. हे वापस घ्या. आता माह्यावर कोणाचं पान नाही."

युसूफचा चेहरा उतरला. वाईट माणूस नाही तो. हे त्या क्षणीही मला दिसत होतं. तो म्हणाला, "अब्बा, घरात सांगलं असतं तं भागलं असतं. असं सगळ्यायसमोर काऊन?"

"सगळ्यायसमोर खाल्लं, बाबू. वापसबी सगळ्यायसमोरच द्या लागते."

"मंग मत कोणाले देसान?"

"ते मी अन अल्ला."

आतल्या दाराच्या पडद्यामागे जुबेदा उभी होती. तिचे पाय तेवढे दिसत होते. तुम्ही तिकडे पाहिलंत, पण युसूफ तुम्हाला आत या म्हणाला नाही, आणि तुम्ही न बोलावता लेकीच्या घरात शिरणारे नव्हतात. तुम्ही बाहेर आलात. परतीच्या वाटेवर तुम्ही एकच बोललात. "पोट्टीनं मसाल्याची दाळ केली होती आज. वास येऊन राह्यला होता."

बातमी तुमच्या आधी जळगावात पोचली. दुसऱ्या दिवशी खादीवाली मंडळी हार घेऊन, घोषणा देत तुमच्या दुकानापुढे आली. मीही त्यांच्या मागे होतो. मला आनंद झाला होता, ते लपवत नाही. त्यांतला एक जण म्हणाला, "चाचा, आज तुम्ही सिद्ध केलंत. तुम्ही आमचे आहात."

तुम्ही हार घेतला नाहीत. "मंडळी, म्या त्यायचं पान वापस केलं. तुमचं खाल्लं नाही," तुम्ही म्हणालात. "अन मी कोणाचा हाये ते आज सिद्ध झालं का? मंग आजलोक मी कोन होतो?" आणि तुम्ही दुकानाची फळी लावून घेतलीत.

लोक पांगले. मी फळीपाशी उभा राहिलो. तुम्ही आतून म्हणालात, "तूबी जाय आता."

मळ्यांतून पानं पुन्हा येऊ लागली. बाबांनी तर नेहमीपेक्षा जास्त पाठवली. तुम्ही नेहमीइतकीच ठेवून बाकीची परत केलीत. पण तुमच्या समाजातल्या लग्नांचे विडे त्या उन्हाळ्यात दुसऱ्याकडे गेले. एकानं पान बंद केलं ते तुम्ही विडा खाल्लात म्हणून, दुसऱ्यानं तो परत केलात म्हणून. या सगळ्यात तुम्ही चिडलेले मला दिसला नाहीत. फक्त भांडायचं सोडून दिलंत. बाबा वेलाखाली चिलीम भरून बसत आणि तुम्ही पानं घेऊन निघून जात.

मतदानाच्या दिवशी दोन्ही बाजूंच्या दमण्या, मतदारांना न्यायला आलेल्या बैलगाड्या, तुमच्या दारात येऊन गेल्या. ज्याच्या दमणीत बसलं त्याचं मत, हे ठरलेलं. तुम्ही चालत गेलात. मतदान आमच्याच शाळेत होतं, आणि मी फाटकाशी उभा होतो. तुम्ही आत गेलात, बाहेर आलात, तोंडावर काही नाही. आपण बरोबर चालू लागलो. वळणापर्यंत मला दम निघाला नाही.

"कोणाला दिलंत, चाचा?"

"तुले कायले पाह्यजे?"

"मला विश्वास आहे तुमच्यावर. तुम्ही वकीलसाहेबांनाच..."

"विश्वास हाये तं इचारतं काऊन?"

त्यानंतर मी तो प्रश्न कधी काढला नाही. तुम्हीही नाही. निकाल लागला, आपल्या भागातही पाकिस्तानवालेच आले. वकीलसाहेबांना पडलेली मतं इतकी थोडी होती की ती कोणाची असतील याचा हिशेब बाजारात नावं घेऊन चालला. तुमचं नाव काही जण त्यात धरत, काही जण वगळत. कधी वाटतं, तुम्ही वकीलसाहेबांना दिलंत. लेकीच्या दारातून उपाशी परतण्याचं दुसरं कारण काय असणार? आणि कधी ते 'पाऊन पटून राह्यलं' आठवतं, तो हार आठवतो, आणि वाटतं, विड्याच्या चुकीतून आधी मोकळं होऊन मग स्वतःच्या मनानं तुम्ही युसूफच्याच बाजूला दिलं असेल. तुमच्या स्वभावात तेही बसतं. ते खरं असेल तर मला दुःख होईल, चाचा. तुमच्याशी कशाला लपवू? पण वळकटी तुम्हीच उचलली होती, आणि ती उचलताना तुम्ही मला काही विचारलं नव्हतं.

जुबेदा दर उन्हाळ्यात माहेरी यायची. यंदा युसूफनं पाठवली नाही. भांडण नाही, निरोप नाही, नुसतं पाठवणं नाही. तुम्ही चाचीला सांगत होतात, घरी काम असन, येईन ईदले. मला वाटतं तुमचा तापही त्या वाट पाहण्यातूनच आला. डॉक्टर मलेरिया म्हणाले. तेही खरंच असेल. रमजान लागला तेव्हा तुम्ही अंथरुणावर होतात. डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून बजावलं, आणि तुम्ही हो हो म्हणून धरत राहिलात. जुबेदाला निरोप धाडू का, असं मी दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "बलावून नोको. तिची तीच येऊ दे."

तुम्ही गेलात तेव्हा कलकत्त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या. वाचवत नव्हत्या. दुकानं अर्धी उघडी, माणसं हळू बोलत होती, आणि तुमच्या जनाज्याबरोबर हिंदूंनी जावं की न जावं यावर बाजारात कुजबुज चालली होती. थोडे गेलो. बाबा आले. कबरीवर माती कशी टाकायची हे त्यांनी शेजारच्या माणसाला विचारून घेतलं, आणि टाकली. परतताना त्यांनी माझा हात धरला. इतकी वर्षं झाली, त्यांनी कधी असा धरला नव्हता.

युसूफ आणि जुबेदा पहाटेच वरवटहून येऊन पोचले होते. खांदा त्यानं दिला. कबरस्तानातून निघताना तो माझ्याजवळ आला.

"गुरुजी, एक इचारू? अब्बानं मत कोणाले देल्लं होतं?"

"मले नाही सांगलं."

त्याचा विश्वास बसेना. "तुमालेबी नाही?"

"नाही. तुमाले?"

"म्या इचारलंच नाही," तो म्हणाला. "मले वाटलं, इचाराचं काय, आपल्याले माहीतच हाये." थोडं चालल्यावर तो थांबला. "मले वाटलं होतं, ईदले घेऊन येईन तिले. ईद तं आलीच होती."

तो राग धरून बसला आणि ईदेची वाट पाहत राहिला. मी विश्वास आहे म्हणालो आणि विचारून मोकळा झालो. दोघांनाही तुमचं मत हवं होतं. आपण वाद घालत होतो त्या सगळ्या संध्याकाळी तुम्हाला काय हवं होतं, हे मी कधी विचारलं नाही. ते उघड होतं. तुम्हाला आमच्या मळ्यात आणि युसूफच्या अंगणात पूर्वीसारखं जाता यायला हवं होतं. त्यासाठी कोणत्याही यादीत खूण करायची सोय नव्हती.

घरी आलो. चाची भिंतीला टेकून बसली होती, जुबेदा तिच्या शेजारी. आल्यापासून जुबेदाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, असं बायका सांगत होत्या. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "दामूभाऊ, तुमी होते नं जवळ? अब्बानं पानी पेलं का?"

मी खाली बसलो आणि तिला सांगितलं. ऊन कलल्यापासून तुमची शुद्ध येत-जात होती. चाची इफ्तारीचं पाहायला चुलीपाशी गेली होती, आणि मी पायाशी बसलो होतो. मधे एकदा मी वाटी ओठांना लावली तर तुम्ही तोंड फिरवलंत. मग मशिदीतून अजान आली. तुम्ही डोळे उघडले. मी तुमच्या मानेखाली हात घालून तुम्हाला उचललं, वाटी लावली, आणि तुम्ही दोन घोट घेतलेत. तिसरा दाढीवर ओघळला, तो मी धोतराच्या सोग्यानं पुसला. तुम्ही "बस" म्हणालात. मी चाचीला हाक मारली. ती येईपर्यंत तुम्ही होतात.

"अजान झाल्यावर पेलं?" जुबेदानं विचारलं.

"अजान झाल्यावर."

"मंग रोजा पुरा झाला अब्बाचा," ती म्हणाली, आणि चाचीच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. दुसरं काही तिनं विचारलं नाही.